कानस हाती घेण्यापूर्वी

मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा क्वेबेकमधल्या एखाद्या शेतावर जुने कोठार साफ करायला काढतात आणि गवताच्या गठ्ठ्यांमागे 1970च्या आसपासची स्नोमोबाईल सापडते. सीट उंदरांनी कुरतडलेली, टाकीतल्या पेट्रोलची आटून वार्निशसारखी चिकट साय झालेली, रबरी ट्रॅक एका बाजूला बसलेला. नवा मालक कार्बोरेटर धुतो, प्लग बदलतो, दोरी ओढतो. दहाव्या-बाराव्या ओढीला इंजिन निळा धूर सोडत पेट घेते. मग पहिला बर्फ पडतो, दोन फेऱ्या होतात आणि आठवड्याभरात एकच प्रश्न उरतो : हिच्यातून आणखी ताकद कशी काढायची?

प्रश्न रास्त आहे. ताकद त्या इंजिनात खरोखरच दडलेली असते आणि साध्या हत्यारांनी, घरच्या गॅरेजमध्ये ती बाहेर काढता येते. आमचा आक्षेप हौसेला नाही. कामाच्या क्रमाला आहे. बहुतेक जण आधी सिलिंडरच्या पोर्टांना कानस लावतात, नंतर मोकळा पाइप बसवतात, मग कार्बोरेटरचे जेट बदलतात, क्लचकडे सवडीने पाहतात आणि ब्रेक सर्वांत शेवटी, बहुधा एखादे कुंपण जवळ आल्यावर, आठवतो. हाच क्रम पुरता उलटा केला तर इंजिन टिकते, गाडी जास्त पळते आणि पुन्हा न मिळणारा सिलिंडरही वाचतो. असे का, हे समजण्यासाठी ही इंजिने मुळात इतकी सौम्य का बनवली गेली, हे पाहावे लागते.

क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्ट गावचा जोसेफ-आर्मांद बंबार्डियर 1922 साली पंधरा वर्षांचा होता. वडिलांनी दिलेले जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन त्याने घसरगाडीवर बसवले, त्याला लाकडी पंखा जोडला आणि बर्फावरून ती गाडी गावातून पळवली. वडिलांनी ती ताबडतोब मोडायला लावली. उघडा फिरणारा पंखा पाहून कोणत्याही बापाने तेच केले असते. म्हणजे स्नोमोबाईलच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर जुन्या इंजिनाशी केलेली छेडछाड आहे. पुढच्या पानावर मात्र दुःख आहे. जानेवारी 1934मध्ये बंबार्डियर यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटातल्या जंतुसंसर्गाने गेला. रुग्णालय शेरब्रूकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर, आणि रस्ते बर्फाखाली. 1937मध्ये त्यांनी दातेरी चाक आणि ट्रॅक यांच्या रचनेचे पेटंट मिळवले आणि सात माणसे बसतील अशी बर्फावरची गाडी विकायला काढली. डॉक्टर, पाद्री, टपालवाले, शाळेची मुले त्यातून जाऊ लागली. एका माणसाने चालवायची छोटी स्की-डू आली ती 1959मध्ये, उत्तर ऑन्टारिओच्या निर्जन भागात फिरणारे मिशनरी नजरेसमोर ठेवून. त्या पहिल्या गाडीला कोहलर कंपनीचे फोर-स्ट्रोक इंजिन होते, अवघ्या 7 अश्वशक्तीचे. लवकरच त्याची जागा ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सच्या टू-स्ट्रोकने घेतली आणि 1970मध्ये बंबार्डियरने तो कारखानाच विकत घेतला.

मुंबईकरांना हे नाव दुसऱ्याच कारणाने ओळखीचे आहे. 2015पासून धावू लागलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकलना प्रवासी ‘बंबार्डियर’च म्हणत आले, कारण त्यांची विजेची यंत्रणा त्याच घराण्याच्या रेल्वे कंपनीची. स्नोमोबाईलचा धंदा त्याआधी, 2003मध्ये, वेगळा काढला गेला होता. गर्दीतली लोकल आणि कॅनडाच्या निर्जन जंगलातली घसरगाडी यांचे मूळ गाव एकच, हे ध्यानात आले की व्हॅलकोर्ट थोडे जवळचे वाटू लागते.

तर या गाड्यांचे गिऱ्हाईक कोण होते? शेतकरी, सापळे लावणारे शिकारी, वीजतारांची पाहणी करणारे कामगार. उणे तीस अंशांत, वस्तीपासून वीस किलोमीटरवर, हातमोजे घातलेल्या हाताने दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झालेच पाहिजे, ही त्यांची पहिली मागणी होती. तेल मिळेल ते, पेट्रोल पडून राहिलेले, मिश्रणाचे प्रमाण अंदाजपंचे. अशा हातांत जाणाऱ्या इंजिनाचे पोर्ट कारखान्याने खालीच ठेवले, कॉम्प्रेशन बेताचे ठेवले आणि सायलेन्सर म्हणून एक साधा डबा लावला. यात अज्ञान नव्हते. इंजिन बंद पडले तर माणूस गोठून मरेल, हे ओळखून केलेली ती निवड होती.

किती ताकद मागे ठेवली होती, हे पाहण्यासाठी आपल्याच एका गाडीशी तुलना करू. यामाहा आरएक्स 100चे इंजिन 98 सीसीचे आणि ताकद 11 अश्वशक्ती. म्हणजे लिटरमागे 110हून अधिक. साठच्या दशकातली 300 सीसीची एकसिलिंडर स्नोमोबाईल पंधरा ते वीस अश्वशक्ती देई. लिटरमागे जेमतेम पन्नास-साठ. आणि शिखर कुठे होते? 1961मध्ये पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या अभियंत्याने 125 सीसीच्या शर्यतीच्या मोटारसायकलमधून 25 अश्वशक्ती काढून दाखवली. लिटरमागे 200. ही मजल मारणारे ते पहिले इंजिन मानले जाते आणि त्यात ना टर्बो होता ना आजची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा.

काडेन यांनी जे ओळखले, तेच आजही जुन्या स्नोमोबाईलची ताकद वाढवण्याचे मुख्य गमक आहे, म्हणून त्यावर जरा थांबू. या टू-स्ट्रोक इंजिनांच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे झडपांचे मंडळ नसते. भिंतीत खिडक्या, म्हणजेच पोर्ट, कोरलेल्या असतात आणि वरखाली जाणारा पिस्टनच त्या उघडतो व झाकतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते आणि जळका धूर सुटतो. क्षणभराने बाजूच्या ट्रान्सफर खिडक्या उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण वर येते. अडचण अशी की त्या वेळी एक्झॉस्टची खिडकी उघडीच असते. नवे मिश्रण जुन्या धुरामागोमाग बाहेर पडते. टू-स्ट्रोकचा धूर, वास आणि पेट्रोलची उधळण यांतला मोठा वाटा या गळतीचा.

एक्झॉस्ट उघडताच दाबाची एक लाट पाइपमधून धावत सुटते. पाइप हळूहळू रुंद होत गेला की तिचा काही भाग ओढ घेणारी लाट होऊन परततो आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढतो. पुढे पाइप पुन्हा निमुळता झाला की दाबाची लाट उलट फिरते आणि बाहेर निसटलेले ताजे मिश्रण खिडकी बंद होण्यापूर्वी आत ढकलते. पोट फुगलेल्या, दोन्हीकडे निमुळत्या अशा त्या पाइपला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. न हलणारा, न झिजणारा पत्र्याचा एक भाग केवळ आपल्या आकाराने झडपेचे काम करतो. यंत्रशास्त्रात इतकी देखणी कल्पना क्वचितच सापडते, असे आम्हाला मनापासून वाटते.

पण लाट वेळेवर परतली तरच उपयोग. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 500 मीटर धरू. इंजिन मिनिटाला 8,000 फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला साडेसात मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टची खिडकी अर्धा फेरा उघडी राहते असे मानले, तर लाटेला जाऊन येण्यास पावणेचार मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ती सुमारे 1.9 मीटर धावते. म्हणजे परतीची जागा पाऊण-एक मीटरवर, नेमके सांगायचे तर 94 सेंटिमीटरवर हवी. तेच इंजिन 6,000 फेऱ्यांवर चालवायचे असेल तर हे अंतर सव्वा मीटर होते. दुसऱ्या कोणाच्या गाडीवर उत्तम चाललेला पाइप आपल्या गाडीवर मठ्ठ का ठरतो, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे. पाइप एका ठरावीक आरपीएमसाठी असतो. त्या पट्ट्याबाहेर लाट चुकीच्या वेळी येते आणि मदतीऐवजी अडथळा करते.

हे ज्ञान पूर्व जर्मनीतून बाहेर गेले तेही नाट्यमय रीतीने. 1961च्या सप्टेंबरात काडेन यांचा चालक अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीदरम्यान पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला; पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीसाठी 50 सीसीचे जगज्जेतेपद जिंकले. काही वर्षांनी सुझुकीची इंजिने मिनेसोटातल्या आर्क्टिक कॅटच्या गाड्यांत बसू लागली. यामाहाने 1968मध्ये स्वतःची स्नोमोबाईल आणली. सत्तरच्या दशकातल्या जपानी इंजिनांत म्हणूनच मुळात हात घालण्यासारखे कमी उरते आणि साठच्या दशकातल्या जर्मन-ऑस्ट्रियन इंजिनांत बरेच.

आता क्रमाकडे येऊ. आमच्या मते इंजिनातले पहिले काम आहे ते हरवलेली ताकद परत मिळवण्याचे. पन्नास वर्षांच्या इंजिनात कारखान्याने दिलेली ताकद तरी शिल्लक असते का? बहुधा नसते. ब्रेकर पॉइंट झिजून टायमिंग मागे गेलेले असते. रिंग कार्बनने खाचेत अडकलेल्या असतात. सायलेन्सरच्या डब्यात काजळीचा थर असतो. बोगी चाकांची बेअरिंगे गंजून ट्रॅक ओढायलाच निम्मा जीव जातो. मोटारसायकलवर हात बसलेल्या आपल्या गावच्या मिस्त्रीला यातले काहीच नवे नाही. गाडी ‘पिकअप घेत नाही’ म्हणून आली की तो पाइप मोडून काढण्यापूर्वी प्लग, पॉइंट आणि सायलेन्सरची काजळी पाहतो. तीच शिस्त इथे लागू आहे. कॉम्प्रेशन गेज लावून पाहावे. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ताकदीची भाषा बाजूला ठेवून रिबोअर आणि ओव्हरसाइज पिस्टनचा विचार करावा.

यातही एका गोष्टीवर आम्हाला जोर द्यायचा आहे : क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधून जाते, त्यामुळे तिथे हवा शिरली की मिश्रण पातळ होते. पडून राहिलेल्या इंजिनात रबराचे सील ताठरलेले असतात. इंजिन सुरू होते, हळू चालवले तर बरेही चालते. पण पूर्ण थ्रॉटलवर एक-दोन किलोमीटर गेले की पिस्टन तापून फुगतो आणि सीझ होतो. सील तपासणे अवघड नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सहा-सात पीएसआय हवा भरायची आणि दाब काही मिनिटे टिकतो का ते पाहायचे. कुठे बुडबुडे येतात ते साबणाचे पाणी सांगते. ही चाचणी न करता जो पाइप बसवतो, तो आजारी माणसाला शर्यतीत उभा करतो. सील फुटलेल्या इंजिनात जेट मोठा करून काम भागवणारेही आहेत. गळती थंडीप्रमाणे आणि आरपीएमप्रमाणे बदलत राहते, जेट बदलत नाही, त्यामुळे तो हिशेब कधीच जुळत नाही.

पेट्रोलही आता पूर्वीचे नाही. अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असते, तिथे मक्यापासून केलेले. आपल्याकडे ते प्रमाण आता 20 टक्क्यांवर गेले आहे आणि ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला त्याची चर्चा नवी नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, भुगा होतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळच पडते. म्हणजे काही न बदलता, नुसते आजचे पेट्रोल भरूनही इंजिन सीझ होण्याच्या दिशेने एक पाऊल सरकलेले असते.

थंडीची भर वेगळी. शून्य अंशापेक्षा उणे तीस अंशाला हवा सुमारे 12 टक्के दाट असते. त्याच पोकळीत जास्त ऑक्सिजन येतो, म्हणून त्याला जोडीचे पेट्रोलही जास्त लागते. नोव्हेंबरच्या उबदार दुपारी झकास बसवलेला जेट जानेवारीच्या पहाटे धोक्याचा ठरतो. आपल्याकडे थंडीत गाडी ‘चांगली ओढते’ असे म्हणतात ते याच कारणाने. पण पुण्यातली थंडी आणि मिनेसोटातल्या रोझोची थंडी यांत चाळीस-पन्नास अंशांचे अंतर आहे. डोंगरावर उलटे होते, हवा विरळ आणि जेट लहान. मोठा जेट लावून सुरुवात करावी आणि पायरीपायरीने खाली यावे, पूर्ण थ्रॉटलवर धावत असताना इंजिन बंद करून प्लग काढून पाहावा : चिनीमातीचा रंग तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर त्याच क्षणी थांबावे. तेलाबाबतचा एक गैरसमजही इथेच दूर केला पाहिजे. इंजिन वाचावे म्हणून काही जण टू-टी ऑइल जास्त घालतात. जेटमधून जाणाऱ्या थेंबात तेल वाढले की पेट्रोल तेवढे घटते, म्हणजे मिश्रण पातळच होते. प्रमाण बदलले की जेटही पुन्हा पाहावा लागतो.

यानंतर क्लच. सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक इथे पडतो, आणि सर्वांत कमी लक्ष इकडेच दिले जाते. स्नोमोबाईलला गिअर नसतात. दोन शंक्वाकृती पुली आणि त्यांच्यामध्ये रबरी बेल्ट. पुढच्या पुलीतली वजने वेगाबरोबर बाहेर फेकली जातात आणि पुली बेल्टला दाबत जाते. मागची पुली स्प्रिंग आणि तिरक्या खाचेच्या जोरावर भार ओळखून उघडते. ज्यांनी कायनेटिक होंडा चालवली आहे, तिचे रोलर बदलले आहेत, त्यांना ही यंत्रणा आधीच ठाऊक आहे. 1984मध्ये आलेल्या त्या स्कूटरमध्ये हेच तत्त्व होते.

या यंत्रणेची खुबी अशी की ती इंजिनाला एका आरपीएमवर धरून ठेवते आणि वेग वाढतो तो पुलीचे गुणोत्तर बदलून. म्हणून अरुंद पट्ट्यात ताकद देणारा पाइप मोटारसायकलवर त्रास देतो, पण स्नोमोबाईलवर खपून जातो. अट एवढीच की क्लचने इंजिनाला त्याच पट्ट्यात धरले पाहिजे. नवा पाइप 7,500ला ताकद देतो आणि जुनी वजने इंजिनाला 6,200वरच दाबून ठेवतात, तेव्हा मालक म्हणतो पाइप वाईट निघाला. वजने हलकी केली की आरपीएम वर जातो. पुढच्या पुलीचा स्प्रिंग बदलला की बेल्ट किती फेऱ्यांवर पकडतो ते बदलते. एक टॅकोमीटर, एक मोकळे गोठलेले तळे आणि दोन तासांचा धीर एवढ्यावर हे काम होते. झिजून अरुंद झालेला बेल्ट बदलला आणि दोन्ही पुली एका रेषेत आणल्या, तर इंजिनाला हातही न लावता गाडी वेगळी वाटू लागते.

मग पाइप, आणि त्यानंतर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा प्रश्न. हेडचे काम थोडक्यात सांगण्यासारखे आहे : थोडे घासले तर खालच्या फेऱ्यांत जोर येतो, जास्त घासले तर आजच्या पेट्रोलवर ठोका बसू लागतो आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडते. हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनात हा लोभ टाळलेला बरा. इंजिन थंड ठेवणारा पंखा काढून टाकण्याच्या सल्ल्याबाबतही तेच. शर्यतीसाठी कारखान्यांनीच पंख्याविना इंजिने बनवली होती हे खरे, पंखा फिरवायला ताकद लागते हेही खरे. पण ती इंजिने सतत वेगात, वाऱ्यात धावत होती. खोल भुसभुशीत बर्फात हळू चालणाऱ्या गाडीचा पंखा काढला तर दोष गाडीचा नाही.

शेवटी कानस. एक्झॉस्टची खिडकी वर चढवली की ती लवकर उघडते आणि उशिरा बंद होते, ताकदीचा बिंदू वरच्या आरपीएमकडे सरकतो. कागदावर हे सोपे आहे. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे; फेरे वाढवले की ताकद वाढते. पण कनेक्टिंग रॉडवरचा आणि त्याच्या बेअरिंगवरचा जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 6,000वरून 7,500वर गेले तर फेरे सव्वापट होतात आणि ताण दीडपटीहून अधिक, 56 टक्क्यांनी जास्त. पन्नास वर्षांपूर्वी सौम्य कामासाठी दाबून बसवलेल्या क्रँकला हे मान्य आहे का, हे कोणी विचारत नाही. शिवाय खिडकी जितकी वर, तितका पिस्टनला ढकलणारा उपयोगी टप्पा आखूड. खालच्या फेऱ्यांतला जोर जातो, इंजिन दोरीला हट्ट करते, चढावर गुदमरते. तीक्ष्ण राहिलेल्या कडेत रिंग अडकली तर सिलिंडर उभा चिरतो.

आणि ही चूक परत घेता येत नाही. जेट काढून जुना लावता येतो, वजने बदलता येतात, मूळ सायलेन्सर फळीवरून खाली येतो. भिंतीतून काढलेला लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा एक मिलिमीटर परत येत नाही. 1971मध्ये उत्तर अमेरिकेत सुमारे 4,95,000 स्नोमोबाईल विकल्या गेल्या. त्या काळात शंभराहून अधिक कंपन्या त्या बनवत होत्या. मग तेलाचे संकट आले, बर्फ कमी पडलेले हिवाळे आले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. यामाहानेही 2023मध्ये या धंद्यातून बाहेर पडण्याची घोषणा केली. बुडालेल्या कंपनीचा सिलिंडर कोण ओतणार? जो आहे तो आहे.

ज्याला केवळ वेग हवा आहे, त्याच्यासाठी बाजारात 850 सीसीच्या, 165 अश्वशक्तीच्या नव्या गाड्या आहेत. जुन्या इंजिनावर कितीही काम केले तरी ते त्यांच्या जवळपासही जाणार नाही. जुन्या गाडीची ताकद वाढवण्याचे समाधान दुसऱ्या जातीचे आहे : एका मर्यादेत राहून, हातांनी, समजून घेत, पाच-सात अश्वशक्ती मिळवणे आणि ती का मिळाली हे ठाऊक असणे. विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरला 1964पासून स्नोमोबाईलच्या शर्यती होतात आणि तिथे जुन्या गाड्यांचीही स्वतंत्र स्पर्धा भरते. ट्रॅकवर नेण्यासाठी बांधलेल्या इंजिनाला वरचा नियम तितका लागू नाही. तिथे सिलिंडर हा खर्ची पडण्यासाठीच असतो, आणि मालकाला ते माहीत असते. कोठारातल्या मूळ स्थितीतल्या गाडीवर तोच प्रयोग करण्याला आमचा विरोध आहे.

ब्रेकचा उल्लेख आम्ही मुद्दाम इथवर लांबवला नाही. आमच्या क्रमात तो पहिलाच आहे. या गाड्यांचा ब्रेक म्हणजे वायरने ओढला जाणारा एक छोटा पॅड, वीस अश्वशक्तीसाठी केलेला. ट्रॅक थांबला तरी गोठलेल्या तळ्यावर गाडी घसरत राहते. पुढच्या स्कीखालच्या लोखंडी पट्ट्या झिजलेल्या असतील तर वळतही नाही. पाइप विकत घेण्यापूर्वी ब्रेकची वायर, पॅड आणि या पट्ट्या बदलाव्यात, आणि थ्रॉटलची वायर गोठून अडकली तर इंजिन बंद करणारे बटण चालते का हे पाहावे.

आवाजाची बाजू केवळ सभ्यतेची नाही. साठच्या दशकातल्या काही गाड्या पन्नास फुटांवर शंभर डेसिबलच्या पुढे जात. लोकांच्या संतापानंतर उद्योगाने 1975पासून आवाजाची मर्यादा पूर्ण थ्रॉटलला 78 डेसिबलवर आणली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये ते अधोरेखित केले, आणि पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले मॉडिफाइड सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडताना आपण पाहिले आहे. तिकडे शिक्षा वेगळ्या वाटेने येते. स्नोमोबाईलच्या पायवाटा बऱ्याच ठिकाणी खासगी शेतांतून, मालकाच्या नुसत्या परवानगीवर जातात आणि स्थानिक क्लबचे स्वयंसेवक त्या राखतात. रात्री अकराला उघड्या पाइपची एक गाडी घरामागून गेली की शेतकरी दुसऱ्या दिवशी दोरी बांधतो आणि ती वाट सगळ्यांसाठी बंद होते. एक्स्पान्शन चेंबरच्या शेवटी सायलेन्सर लावल्याने लाटांचा खेळ बिघडत नाही; तो नीट मापाचा असेल तर ताकद जवळपास तेवढीच राहते. आवाज म्हणजे ताकद हा समज आरएक्सच्या मालकांतही आहे आणि तिकडेही. दोन्हीकडे तो चुकीचाच.

एवढे सगळे करूनही ज्याला पोर्टांना हात लावायचाच असेल, त्याने एक झिजलेला जादा सिलिंडर मिळवावा आणि कानस त्याच्यावर चालवावी. त्याआधी मूळ सिलिंडरच्या प्रत्येक खिडकीची उंची मोजून, क्रँकवर अंशांची चकती लावून ती कधी उघडते, कधी मिटते ते लिहून घ्यावे. जेटचे आकडे, वजनांचे ग्रॅम, स्प्रिंगचा रंगही त्याच कागदावर. मग मूळ सिलिंडर पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळावा, तो कागद त्याला बांधावा आणि उंदरांना पोहोचता येणार नाही अशा फळीवर ठेवावा. पुढच्या मालकाला तो लागेल.